नोंदवह्यांतली माणसे : आबे सिप्रियाँ तांगे

इतिहासाच्या पुस्तकांत राजे भेटतात, सेनापती भेटतात, लढाया आणि तहनामे भेटतात. ज्यांनी जंगले तोडून शेते केली, घरे उभारली, मुलाबाळांना वाढवले आणि एक दिवस गावच्या मातीत विसावा घेतला, त्यांची नावे मात्र त्या पुस्तकांत सापडत नाहीत. कॅनडातील क्वेबेक प्रांत या बाबतीत भाग्यवान म्हटला पाहिजे. तेथील फ्रेंच वंशाच्या एखाद्या साध्या शेतकऱ्याला किंवा गिरणीकामगाराला आपला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा मूळ पुरुष कोण, तो फ्रान्सच्या कोणत्या भागातून आला, त्याची बायको कोण आणि तिचे आईबाप कोण, हे थोड्या खटपटीने बहुधा शोधता येते. ही वाट प्रथम ज्याने पाडली त्याचे नाव आबे सिप्रियाँ तांगे. ‘आबे’ ही फ्रेंच भाषेत कॅथलिक धर्मगुरूची उपाधी आहे. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. पण क्वेबेकमध्ये घराण्यांचा शोध घेणाऱ्यांत त्याला जे स्थान आहे ते थोड्याच विद्वानांच्या वाट्याला येते. या माणसाचे चरित्र मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे, कारण त्यात पराक्रम असा काहीच नाही. आहे ती केवळ चिकाटी.

तांगे यांचा जन्म १५ सप्टेंबर १८१९ रोजी क्वेबेक शहरात झाला. १६०८ साली शांप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने वसवलेले हे शहर. दीडशे वर्षे ते फ्रेंच वसाहतीचे केंद्र होते. १७६३ च्या पॅरिस तहाने ती वसाहत इंग्रजांच्या ताब्यात गेली. राज्यकर्ते इंग्रजी बोलणारे आणि प्रॉटेस्टंट, रयत फ्रेंच बोलणारी आणि कॅथलिक, अशा परिस्थितीत तांगे लहानाचे मोठे झाले. १८३७ आणि १८३८ मध्ये तेथे इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव झाले आणि ते मोडले गेले. त्यानंतर आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९ च्या आपल्या अहवालात या फ्रेंच रयतेला ना इतिहास आहे ना वाङ्मय, असा निर्वाळा दिला. त्या वेळी तांगे विशीत होते. पुढे १८४५ पासून फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो यांनी कॅनडाचा इतिहास लिहून या शेऱ्याला सणसणीत उत्तर दिले. गार्नो यांचा इतिहास राष्ट्राचा होता. त्या राष्ट्रातल्या घराघरांचा इतिहास लिहिण्याचे काम अजून व्हायचे होते. ते करायला विद्वत्तेपेक्षा सोशिकपणा अधिक लागणार होता.

१८४३ मध्ये तांगे धर्मगुरू झाले. पुढची बावीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या गावांच्या चर्चमध्ये सेवा केली. त्यांपैकी १८५० ते १८५९ ही वर्षे ते सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरील रिमूस्की या गावी मुख्य धर्मगुरू होते. तेथे शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी पुढाकार घेतला आणि त्यातून त्या गावात महाविद्यालयाचा पाया घातला गेला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती धर्मगुरूच्या रोजच्या कामातली एक साधी गोष्ट, ती म्हणजे नोंदवही.

कॅथलिक गावात मूल जन्मले की एकदोन दिवसांत त्याचा बाप्तिस्मा होई आणि त्याची नोंद धर्मगुरू वहीत करी. लग्नाची आणि दफनाचीही तशीच. फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा राजाचा हुकूम १५३९ चा आहे. १६६७ च्या हुकमाने प्रत्येक वही दोन प्रतींत ठेवणे सक्तीचे झाले. एक प्रत चर्चमध्ये राही, दुसरी वर्ष संपले की न्यायकचेरीत जमा होई. ही दुसरी प्रत किती मोलाची हे क्वेबेकच्या लोकांना अनुभवाने कळले होते. जून १६४० मध्ये क्वेबेकचे चर्च आगीत भस्मसात झाले आणि तोपर्यंतच्या सगळ्या नोंदवह्या जळाल्या. मग धर्मगुरूंनी गावातल्या माणसांना विचारून, आठवणीतून त्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. इंग्रज आले तरी ही पद्धत त्यांनी मोडली नाही. क्वेबेकमध्ये चर्चची नोंद हीच जन्माची सरकारी नोंद ही व्यवस्था थेट १९९३ अखेरपर्यंत चालू होती.

या वह्यांचा दुसराही एक उपयोग होता. जवळच्या नात्यात लग्न करण्यास कॅथलिक धर्माची मनाई असे आणि त्या काळी ही मनाई चौथ्या पिढीपर्यंत पोचत असे. लहान गावांत पिढ्यान्‌पिढ्या तीच घरे एकमेकांत सोयरीक करीत. तेव्हा वधूवरांचे नाते नेमके किती जवळचे, त्यांना धर्माची खास परवानगी लागते की नाही, हे पाहणे धर्मगुरूचेच काम होते. आपल्याकडे लग्न ठरवताना गोत्र आणि सापिंड्य पाहतात, तोच हा प्रकार. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षे असे नाते मोजले, त्याला साऱ्या देशाची वंशावळ मांडण्याची कल्पना सुचली तर नवल नाही.

१८६५ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तांगे यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. कॅनडा सरकारच्या कृषी आणि सांख्यिकी खात्यात त्यांची नेमणूक झाली. खात्याचे उपमंत्री होते जोझेफ-शार्ल ताशे. हे ताशे पूर्वी रिमूस्कीलाच डॉक्टर होते. जुन्या काळच्या लोकसंख्येचे आकडे जमवायचे तर चर्चच्या वह्या तपासायला हव्यात आणि त्या तपासायला वह्यांची भाषा जाणणारा माणूस हवा, हे उघड होते. अशा रीतीने गावचा धर्मगुरू सरकारी नोकर होऊन ऑटावाला आला. आकडे जमवता जमवता त्यांनी माणसे जमवायला सुरुवात केली.

कामाची पद्धत ऐकायला सोपी आहे. वंशावळ शोधणाऱ्याची खरी शिडी म्हणजे लग्नाची नोंद. फ्रेंच कॅनडातील लग्नाच्या नोंदीत वराचे आईबाप आणि वधूचे आईबाप अशी चारही नावे असतात आणि ते कोणत्या गावचे हेही असते. ती चार नावे घेऊन मागच्या पिढीची दोन लग्ने शोधायची. त्या दोन लग्नांतून आणखी आठ नावे मिळतात. असे एकेक पायरी चढत गेले की शेवटी फ्रान्सच्या एखाद्या खेड्याचे नाव येते आणि समुद्र लागतो. एका घराण्यासाठी हे करायला काही महिने पुरतील. तांगे यांनी ते सगळ्या घराण्यांसाठी करायचे ठरवले. छायाचित्रांच्या प्रती नाहीत, टंकयंत्र नाही. वही उघडायची, शाई फिकट झालेले दोनशे वर्षांपूर्वीचे अक्षर लावायचे, टिपण करायचे आणि पुढचे पान उलटायचे. चर्चमागून चर्च आणि वहीमागून वही असे हे काम वर्षानुवर्षे चालले.

यातली खरी अडचण होती नावांची. फ्रेंच कॅनडातील नाव ठेवण्याच्या चालीरीती माहीत नसतील तर माणूस या वह्यांत हरवून जातो. मुलाचे नाव बहुधा धर्मपित्याचे आणि मुलीचे धर्ममातेचे ठेवीत. धर्मपिता पुष्कळदा आजोबा किंवा काका असे, त्यामुळे एकेका घरात तीच चारदोन नावे फिरत राहत. एकाच गावात तीन पिएर आणि चार जाँ, सगळे एकाच आडनावाचे, हे नेहमीचेच. लहानपणीच गेलेल्या मुलाचे नाव पाठच्या भावाला देण्याचीही रीत होती. एकाच आईबापांच्या पोटी दोन-दोन फ्रांस्वा दिसले तर लेखनिकाची चूक समजू नये. त्यामागे एक दफनाची नोंद शोधावी, ती बहुधा सापडते. पुढे एकोणिसाव्या शतकात मुलाच्या नावाआधी जोझेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची प्रथा सार्वत्रिक झाली. मग वहीत सगळेच मुलगे जोझेफ आणि सगळ्याच मुली मारी दिसू लागल्या. हाक मारायचे नाव त्या रांगेत कुठे तरी शेवटी असे.

त्याहून मोठा गुंता आडनावांचा. फ्रेंच वह्यांत पुष्कळ आडनावांपुढे ‘दी’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ ‘म्हटलेला’, म्हणजे आपला ऊर्फ. १६६५ मध्ये फ्रान्सच्या राजाने कारिन्याँ-सालिएर ही सुमारे बाराशे सैनिकांची पलटण कॅनडाला धाडली. तिच्यातले सुमारे चारशे जण तेथेच स्थायिक झाले. फ्रेंच फौजेत शिपायाला टोपणनाव असायचेच. कुणी ला फ्लर म्हणजे फूल, कुणी साँ-सूसी म्हणजे बेफिकीर, तर कुणी जोलीकर म्हणजे दिलदार. शेतकरी झाल्यावरही ही नावे त्यांना चिकटून राहिली. काहींना आपल्या मुलखाचे नाव लागले. आंजू प्रांताचा तो लांजव्हँ, पिकार्डीचा तो पिकार. आपल्या सातारकर-कोल्हापूरकरांसारखेच हे झाले. खुद्द तांगे यांचा मूळ पुरुष जाँ तांगे हा फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातून आलेला, आणि त्याचे ऊर्फ नाव होते ला नाव्हेत. नाव्हेत म्हणजे विणकराचा धोटा. पिढी बदलली की एक भाऊ मूळ आडनाव लावी, दुसरा ऊर्फ नाव, तिसरा दोन्ही. राजकारणात नाव कमावलेले लुई-इपोलित लाफोंतेन हे मूळचे मेनार ऊर्फ लाफोंतेन. तेव्हा मेनार शोधणाऱ्याला लाफोंतेनही शोधावे लागतात. तांगे यांनी आपल्या कोशाच्या सातव्या खंडात अशा बदललेल्या आडनावांची लांबलचक यादी दिली आहे. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातील ही सर्वांत उपयोगी पाने होत.

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन कामधंद्यासाठी अमेरिकेत गेले. त्यांपैकी पुष्कळांनी तेथील कापडगिरण्यांचा रस्ता धरला. तेथे नावांचे आणखी एक रूपांतर झाले. बुआव्हेरचे ग्रीनवुड झाले, रुआचे किंग झाले, लब्लाँचे व्हाइट झाले. नावे भाषांतरित झाली आणि नातवंडांना आपण कोण हेच उमगेनासे झाले. लोवेल या गिरणगावात १९२२ साली जन्मलेला अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुआक अशाच घरातला. त्याचा मूळ पुरुष ब्रिटनीतील एका नोटरीचा मुलगा होता आणि त्याचे खरे आडनाव ल बिआं होते. ही गोष्ट पक्की व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. तोवर केरुआक जाऊन कित्येक वर्षे झाली होती.

या वह्यांतील एक चाल मात्र आपण थांबून पाहावी अशी आहे. फ्रेंच कॅनडात लग्न झाले तरी बाईचे आडनाव कागदोपत्री बदलत नसे. मूल झाले, तिने जमीन विकली, तिचे दफन झाले, प्रत्येक नोंदीत ती आपल्या बापाच्याच आडनावाने येते. नवऱ्याचे नाव सोबत असते, पण तिचे नाव पुसले जात नाही. म्हणूनच तांगे यांना आईच्या बाजूने, आजीच्या बाजूने, पणजीच्या बाजूने सारखेच वर चढता आले. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाने खर्च देऊन सातशेहून अधिक विवाहयोग्य मुली कॅनडाला पाठवल्या. त्यांत पुष्कळ अनाथ आणि गरीब होत्या. या मुलींची नावे आजही त्यांच्या लाखो वंशजांना ठाऊक आहेत. क्वेबेकने तर १९८१ पासून विवाहित स्त्रीने जन्माचेच नाव चालवावे असा कायदाच केला.

आपल्याकडे काय दिसते? लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचे, की आईबापांनी ठेवलेले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही एका दिवसात गेली. घरातल्या जुन्या वंशावळी काढून पाहा. त्यांत मुलगे असतात, मुलग्यांचे मुलगे असतात. मुली आणि सुना बहुतेक ठिकाणी गाळलेल्या असतात. आपल्यापैकी कितीजणांना पणजीचे माहेरचे नाव सांगता येईल? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण मागच्या पिढ्यांतल्या ज्या नावांची नोंदच झाली नाही, ती आता कोणत्याही आदेशाने परत यायची नाहीत.

तांगे यांच्या ‘कॅनडियन कुटुंबांचा वंशावळी कोश’ या ग्रंथाचा पहिला खंड १८७१ मध्ये माँट्रिअलला प्रसिद्ध झाला. त्यात १६०८ पासून १७०० पर्यंतची कुटुंबे होती. कुटुंबप्रमुखाचे नाव, पिढीचा क्रमांक, लग्नाचे वर्ष, बायकोचे नाव, मग मुलांची रांग आणि प्रत्येकापुढे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या तारखा. वर्णन नाही, स्तुती नाही, कुणाच्या कुळाचा डामडौल नाही. गव्हर्नर आणि सुतार एकाच टायपात छापलेले. पुढच्या खंडासाठी वाचकांना पंधरा वर्षे थांबावे लागले. मग १८८६ ते १८९० या काळात एकामागून एक सहा खंड बाहेर पडले. सातवा खंड निघाला तेव्हा तांगे सत्तरीला आले होते. त्याआधी त्यांनी कॅनडातील धर्मगुरूंची सूची तयार केली होती. १८८६ मध्येच नोंदवह्यांत भेटलेल्या चमत्कारिक आणि करुण गोष्टींचे वर्षावार टिपणवजा पुस्तकही काढले. १८८२ मध्ये कॅनडाची रॉयल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत त्यांचा समावेश होता. २८ एप्रिल १९०२ रोजी ऑटावा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कोशात चुका आहेत. काही तारखा चुकल्या आहेत, एका नावाची दोन माणसे एक झाली आहेत, काही कुटुंबे निसटली आहेत. एकट्या माणसाने हाताने केलेल्या एवढ्या कामात याहून वेगळे घडणे शक्य नव्हते. १९५७ पासून लबफ यांनी दुरुस्त्या आणि भर यांचे पूरक खंड काढले. १९६६ मध्ये माँट्रिअल विद्यापीठात यूबेर शार्बोनो आणि जाक लेगारे यांनी सगळ्या नोंदी संगणकावर चढवून जुन्या लोकसंख्येची पुनर्रचना करण्याचा प्रकल्प हाती घेतला. १९८३ मध्ये रने जेते यांचा १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा नवा कोश आला. या संशोधनातून नवलाचे आकडे मिळाले. १६३४ मध्ये आलेला झाकारी क्लूतिए नावाचा सुतार सहीऐवजी कुऱ्हाडीचे चित्र काढीत असे, कारण त्याला लिहिता येत नव्हते. १८०० सालापर्यंत फ्रेंच कॅनडात त्याचे १०,८५० वंशज झाले होते. या नंतरच्या सगळ्या पंडितांनी तांगे यांना दुरुस्त केले हे खरे, पण सगळ्यांनी सुरुवात तांगे यांच्यापासूनच केली.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. त्याच वह्यांत काही माणसे अशीही आहेत की ज्यांच्यापाशी शोध थबकतो. फ्रेंच कॅनडात गुलामगिरी होती. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी मुख्यतः याच चर्चच्या नोंदींतून सुमारे ४,२०० गुलामांचा मागोवा घेतला. त्यांतले सुमारे दोनतृतीयांश मूळ रहिवासी जमातींचे होते, बाकीचे आफ्रिकी वंशाचे. त्यांचा बाप्तिस्मा झाला की वहीत नाव लिहिले जाई, मारी किंवा जोझेफ. त्यापुढे आईबापांची जागा बहुधा रिकामी असे आणि मालकाचे नाव मात्र असे. ज्याला आईबापांचे नाव नाही, त्याला शिडीची पहिली पायरीच नाही. वही सर्वांची नोंद करते, पण सर्वांना सारखी ओळख देत नाही. तांगे यांच्या कोशाचे मोठेपण मान्य करताना त्यातली ही रिकामी जागाही आपण पाहिली पाहिजे.

तरीही मला वाटते की डरहॅमच्या शेऱ्याला सर्वांत पक्के उत्तर या अबोल सात खंडांनीच दिले. इतिहास नाही असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्यांच्या घराघरांतली माणसे तांगे यांनी नावानिशी उभी केली.

आपल्या गावीही अशा वह्या होत्या आणि काही अजून आहेत. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक आहे, शाळेचे जुने रजिस्टर आहे, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्यांची पाने वाळवीने आणि ओलीने दरवर्षी थोडी थोडी झिजत आहेत. येत्या सुट्टीत घरी गेलो की आपण एवढे तरी करू शकतो : घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे, तिच्या आईचे आणि आजीचे नाव विचारावे, त्यांची माहेरची गावे विचारावीत आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवावे. तांगे यांच्या कामाची सुरुवात याहून मोठी नव्हती.